आत्याचं पेव

आमची आत्या समोरच्याशी बोलण्याआधी त्याचा तळहात हुंगायची. सुगीत कुणी डोक्यावर ज्वारीचं टोपलं घेऊन आलं की टोपल्याकडं तिचं लक्षच नसे. आधी हात धरायचा आणि नाकाशी न्यायचा. ओला दाणा साठ्यात गेला की सगळा साठा कुजतो, आणि त्याचा कुबट वास आणणाऱ्याच्या हाताला चिकटून राहतो, असं तिचं म्हणणं. तो हात कुणब्याचा, महाराचा की पिंजाऱ्याचा, याचं तिला काही नव्हतं. आमच्या अण्णांना मात्र होतं. बहीण चारचौघांत महारामांगांचे हात नाकाला लावते म्हणून त्यांनी कितीदा तरी जेवणाचं ताट ढकललं. आत्या ते उचलून गाईपुढं ठेवायची आणि पुन्हा ओट्यावर जाऊन बसायची.

ती कोवळ्या वयात विधवा होऊन कुंभार पिंपळगावला माहेरी परतली होती. आजोबांचं एक रिकामं पेव तेवढं तिनं भावाकडून मागून घेतलं. पेव म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार. तोंड माणूस उतरेल एवढंच, पोट मात्र मोठं. गावातल्या बिनजमिनीच्या लोकांना मजुरी ज्वारीत मिळायची. ठेवायला जागा नाही म्हणून सुगीतच ती जुन्या जालन्याचा आडत्या मातीमोलानं उचलायचा, आणि आषाढात हेच लोक तीच ज्वारी चढ्या भावानं विकत आणायचे. आत्यानं सगळ्यांची ज्वारी एकाच पेवात भरायला लावली. पावसाळ्यात ज्याची त्याला खाण्यापुरती परत, उरलेली गावातच रास्त भावानं विकायची, आणि त्यातून पेवाची डागडुजी नि अडल्यानडल्याची सोय.

पहिल्या वर्षी काही बायका तावातावानं आल्या. आमची ज्वारी त्यांच्या ज्वारीत का मिसळली, म्हणून. आत्या शांतपणे म्हणाली, "उतरा आत न् येचून घ्या आपापली. मी बसले हितंच." कुणी उतरलं नाही. पुढं त्याच बायका पावसाळ्यात टोपली घेऊन रांगेला उभ्या राहिल्या आणि आत्यानं त्यांना हसून चिडवलं.

एका बाबतीत मात्र ती कुणाचं ऐकत नसे. बंद पेवात विषारी हवा साठते. म्हणून तोंडावरची शिळा काढली की अर्धा दिवस पेव उघडं ठेवायचं, मग दोराला बांधून कंदील आत सोडायचा. तो विझला तर कुणी उतरायचं नाही. "ज्वारीला काय घाई न्हाई, तुमालाच हाय," असं ती म्हणायची.

लढाईच्या दिवसांत सरकारची लेव्ही, म्हणजे धान्यवसुली, आली. साठा दिसला की सक्तीनं उचलायचे. तो मजुरांच्या पोटाचा आहे हे कोण ऐकणार? मी तेव्हा बाळंतपणासाठी माहेरी आले होते. एका दुपारी ओरड झाली की लेव्हीवाले शेजारच्या गावात पोचले. ज्वारी घरोघर वाटून टाकायची ठरली. शिळा काढली, लगेच कंदील सोडला. तो आत जाताच विझला.

सगळे आत्याकडं पाहू लागले. कोंडिबा महार कमरेला दोर बांधून उभाच होता. पेवात उतरण्याचं काम नेहमी त्याचंच. "आत्याबाई, काय करू?"

आत्यानं रस्त्याकडं पाहिलं. "वाऱ्यानं विझला असंल," ती म्हणाली. "उतर. जल्दी कर."

कोंडिबा उतरला. आम्ही वर टोपली घेऊन हाका मारत राहिलो. आतून आवाज आला नाही. दोर ओढून त्याला वर काढलं तेव्हा त्याच्यात जीव नव्हता. त्याची बायको साळू धावत आली आणि त्याचं तोंड पदरानं पुसत बसली. आत्या तिच्या शेजारी बसली होती. तेवढ्यात घोड्यावरून लेव्हीवाला आला. "मय्यत है क्या?" त्यानं लांबूनच विचारलं आणि मयताला टाळून, पेवाकडं न बघता घोडा वळवला.

ज्वारी वाचली. त्या पावसाळ्यात गावकुसाबाहेरची सगळी घरं तिच्यावर जगली, साळूचंही. मी मात्र त्या ज्वारीची भाकरी ताटात घेतली नाही.

पुढच्या सुगीला मी पुन्हा माहेरी गेले. लोक टोपली घेऊन पेवावर आले होते आणि आत्या फावड्यानं पेवात माती ढकलत होती. कुणी समजावलं, कुणी हात धरला. तिनं हात सोडवून घेतला. "माझ्या जिभेनं माणूस खाल्लं," एवढंच म्हणाली.

बाजूला आडत्याची गाडी येऊन उभीच होती.

शेवटी साळू पुढं आली. डोक्यावर मजुरीची ज्वारी होती. "आत्याबाई," ती म्हणाली, "मालक गेला न् पेव वाचलं. आता तुमी ते बुजवून राह्यल्या. मंग तो कशासाठी गेल्ता?"

आत्याचं फावडं चालूच राहिलं. साळू गाडीकडं गेली आणि आडत्याच्या पोत्यात तिनं आपलं टोपलं रिकामं केलं.