लखूमामाचं शेवटचं रीळ

कर्नाटकातल्या रामनगरच्या दत्तात्रयशेठच्या तंबू टॉकीजात लखूमामा सव्वीस वर्षं मशीन चालवत होता. त्याला गर्व आहे असं लोक म्हणायचे. होताच. सिनेमा आणि डोंबाऱ्याचा खेळ यांतला फरक ज्या गावाला कळत नाही, तिथं एकाला तरी गर्व असावा.

मशीन एकच असल्यानं दर रिळानंतर दिवा लावावा लागे. रीळ बदललं की मामा पडद्यापुढं उभा राहून मराठी सिनेमाची गोष्ट कानडी माणसांना कानडीत सांगे. झालेली तेवढीच. पुढचं कुणी विचारलं तर "फुडचं फुडं" म्हणून पाठ फिरवी. जुनी काळी-पांढरी चित्रं त्याच्या खास जिव्हाळ्याची. एकदा मला म्हणाला, "बघ, ही बाई रडत न्हाई, नुसतं दार लावती. रडायचं काम तुझं हाय."

मग बाजारात व्हिडिओ आला आणि आमच्या लोकांना अक्कल फुटली. गाणं आलं की पळव, कुणी गप्प बसला की पळव, मारामारी आली की मागं घेऊन पुन्हा बघ. तीन तासांचा सिनेमा पाऊण तासात उरकून मिशीला पीळ देत बाहेर यायचं. लोणचं चाटून जेवलो म्हणणारी ही माणसं लखूमामाला अडाणी ठरवू लागली.

एकोणनव्वदला उळवीच्या जत्रेत तंबू लावताना शेठनं बजावलं, "लखू, औंदा तंबू भरला तर मशीन ऱ्हाईल. न्हाईतर भंगारात."

चार दिवस तंबूत माश्या. शेजारी व्हिडिओवाल्याकडं रेटारेटी. पाचव्या दिवशी संध्याकाळी त्याच्या यंत्रानं कॅसेट गिळली आणि आम्ही सगळे मामाच्या तंबूत घुसलो. उभं राहायला जागा उरली नाही. शेठ हसताना मी पहिल्यांदा पाहिला.

दुसरं रीळ संपलं, दिवा लागला, मामा गोष्ट सांगायला पुढं आला. तेवढ्यात मागून ओरडा सुरू झाला.

"पळव की मामा!"

"शेवटचं रीळ लाव, येळ न्हाई!"

मामानं हात वर केला. "सुम्न कूडरी," तो कानडीत म्हणाला, म्हणजे गप बसा. कुणी बसलं नाही. शेठ त्याच्या कानाला लागला, "लाव की रं शेवटचं. मशीन वाचतंय न्हवं?"

"मशीन वाचवून त्यावर ह्येच करायचं आसंल तर भंगार बरं," मामा म्हणाला आणि त्यानं तिसरं रीळ चढवलं.

शिट्ट्या झाल्या, शिव्या झाल्या आणि तंबू रिकामा झाला. कुंभारवाडा गावची गिरजाव्वा तेवढी पहिल्या रांगेत मांडी घालून बसून राहिली. तिला मराठी येत होतं, तरी मामानं प्रत्येक रिळानंतर पडद्यापुढं येऊन झालेली गोष्ट तिला सांगितली. नऊच्या नऊ रिळं त्यानं दाखवली, असं शेठनंच नंतर सांगितलं. पुढच्या महिन्यात मशीन भंगारात गेलं.

नऊ वर्षांनी रामनगरात घरोघरी केबल आली. बोट दुखेस्तोवर चॅनेल बदलायचं आणि काही नाही म्हणून कुरकुरायचं, हा नवा उद्योग. त्या कंटाळ्यात मला तो सिनेमा आठवला. मामा बसस्टँडवर पानाचं दुकान चालवत होता. मी विचारलं, "मामा, त्या जत्रेतल्या सिनेमात शेवटी काय झालं?"

त्यानं पानाला चुना लावता लावता माझ्याकडं पाहिलं. "शेवटचं रीळ लाव म्हणून तूच वरडला हुतास न्हवं? आवाज वळखतो मी."

मी खिशातून पानाचे पैसे काढू लागलो.

"गिरजाव्वाला ठावं हाय. जा, इचार तिला."

कुंभारवाड्याला दिवसातून एक बस जाते आणि उतरल्यावर गिरजाव्वाच्या घरापर्यंत दोन कोस रानातून चालावं लागतं. मी अजून गेलेलो नाही. मला वेळ नाही.