राक्षसिणीला मारण्याचा ठराव

वारज्यात लहान मुलांना घाबरवण्याचा अधिकृत परवाना कुणाला द्यायचा झालाच, तर तो आमच्या तळमजल्यावरच्या काकांना द्यावा लागेल. आणि काकांचा स्वभाव पाहता ते तो परवाना उजेडात धरून बघतील, शिक्का पुसट आहे म्हणतील आणि नवा करून आणायला परत पाठवतील. काका वजनमापे खात्यात निरीक्षक होते. ते मंडईत शिरले की अख्ख्या ओळीतली वजनं भाज्यांखाली दडी मारत, असं ते स्वतःच सांगतात. तराजूच्या पारड्याखाली कुणी चिंच चिकटवली असेल तर ती म्हणे त्यांना नुसत्या वासावरून कळे. निवृत्त झाल्यावर शनिवार पेठेतली भाड्याची खोली सोडून ते आमच्या सोसायटीत आले, त्याला ते अजून ‘बदली’ म्हणतात. लग्न केलं नाही. का, असं मी एकदा शेजारधर्माला शोभेल अशा हळू आवाजात विचारलं, तर म्हणाले, “पत्रिका तपासायचं काम घरच्यांनी माझ्याकडेच दिलं होतं.”

अशा माणसाने निवृत्तीनंतर ज्येष्ठ नागरिक संघात जावं, सकाळी टेकडीवर फिरावं. काका रोज संध्याकाळी साडेपाचला जिन्याजवळच्या कट्ट्यावर बसून सोसायटीतल्या मुलांना गोष्टी सांगतात. गोष्टी तरी कसल्या? त्यांच्या आजीकडून आलेल्या, काळ्याकुट्ट, पहिल्या पाच मिनिटांत कुणाचं तरी मुंडकं रांजणात सापडेल अशा. पण त्यासाठी त्यांची तयारी बघावी. दिवसातली दुसरी दाढी ते पाच वाजता करतात. इस्त्रीचा बुशशर्ट घालतात. खिशात दोन रुमाल ठेवतात, एक स्वतःचा आणि एक रडणाऱ्यांचा. तो एक तास सोडला तर दिवसभरात त्यांच्या दारावरची घंटा फक्त दूधवाला वाजवतो, हे मला तिसऱ्या मजल्यावरूनही माहीत होतं. भीतीचंही त्यांच्याकडे माप आहे. गोष्टीत कुणी पोर घाबरलं की त्याने हात वर करायचा. काका थांबतात आणि विचारतात, “किती? पाव, अर्धी की पाऊण?” पोर विचार करतं आणि म्हणतं, “पाऊण.” “पाऊण चालते. पूर्ण भरली की आईकडे जायचं.” एवढ्या वर्षांत पूर्ण कुणाची भरली नाही, कारण पूर्ण भरली तर गोष्टीचा शेवट बुडतो, हे चार वर्षांच्या मुलालाही कळतं.

आता माझं सांगते. मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. बी.कॉम., प्रथम श्रेणी. यवतमाळ जिल्ह्यातल्या गावातून रोज अकरा किलोमीटर सायकल मारून मिळवलेली. हे मी दर वेळी सांगते, कारण ते मला कमवावं लागलं, रस्त्यात सापडलं नाही. तेव्हा पदवीधर बाईच्या मुलीने राक्षस आणि हडळींच्या गोष्टींवर वाढायचं नाही, हे मी गार्गीच्या बारशालाच ठरवलं होतं. तिच्यासाठी मी जाड पुठ्ठ्यांची रंगीत पुस्तकं आणली. त्यांत हत्ती आपला खाऊ सगळ्यांना वाटतो आणि शेवटी सगळे मिळून दात घासतात. गार्गीने ती पुस्तकं परस्पर काकांकडे तपासायला नेली. काकांनी एक उघडलं, चाळलं, तळहातावर तोललं आणि परत दिलं. “पुठ्ठा जास्त, माल कमी.”

काकांचा माल म्हणजे मावशीची गोष्ट. सात भावंडं, आई देवाघरी गेलेली, बाप भोळा. एक दिवस दारात एक बाई येते, मी तुमची मावशी म्हणते, पदराखाली लाडू असतात. बाप दार उघडतो. बाई मावशी नसते, राक्षसीण असते. ती उघड्या डोळ्यांनी झोपते आणि दुपारी सगळे निजले की पाट्यावर दात परजते. इथवर आलं की कट्ट्यावर पान हललं तरी ऐकू येतं.

“मग बाबांना कळलं का?” गार्गीने विचारलं. हे मी जिन्यात उभी राहून स्वतः ऐकलेलं आहे.

“कळलं.”

“मग?”

“तोपर्यंत त्यांना खाल्लं होतं.”

“पूर्ण?”

“चष्मा सोडून.”

मग सातवी, धाकटी, चुनकळ्यांचे लाडू वळते, वरून पिठीसाखर भुरभुरवते. राक्षसीण सातही लाडू खाते, तहानेने विहिरीवर जाऊन घागरभर पाणी पिते, पोटात चुना रटरटायला लागतो आणि ती फुटते. नाक पिंपळावर, कान देवळाच्या कळसावर, उजवा पाय पाटलाच्या गोठ्यात. हे सगळे तुकडे काका मुलांकडून मोजून घेतात. एकही कमी भरला तर गोष्ट संपली असं जाहीर करत नाहीत. “करंगळी राहिली. शोधा.” चौदा मुलं पार्किंगमध्ये, दुचाकींखाली, तुळशीच्या कुंडीमागे नसलेली करंगळी शोधत फिरतात. ती शेवटी विहिरीच्या काठावर सापडते आणि मगच मंडळी घरोघर जातात, वरणभात खातात आणि गाढ झोपतात.

झोपेपर्यंत ठीक होतं. पण माझी अकोल्याची नणंद लाडवांचा डबा घेऊन आली, तेव्हा गार्गी दारातच आडवी उभी राहिली.

“तू कोण?”

“अगं, आत्या! ओळखलं नाहीस?”

“सगळ्या असंच म्हणतात.”

मग तिने आत्याला तांब्याभर पाणी आणून दिलं आणि स्वतः लांब, सोफ्याच्या मागे जाऊन उभी राहिली. नणंद बिचारी प्रवासातून आलेली, गटागटा प्यायली. ती फुटली नाही, याची गार्गीने दहा मिनिटं वाट पाहून खात्री केली. दरम्यान नवरा कामावर जायला निघालेला, त्याचा चष्मा सापडेना. तासाभराने तो फ्रिजमध्ये, अंड्यांच्या खणात मिळाला. “बाबांना खाल्लं तर चष्मा तरी नीट राहावा म्हणून ठेवला,” गार्गी म्हणाली. नणंद माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, “वहिनी, शिकल्यासवरल्या घरात हे काय?” मला ते फार लागलं. दुसरं काहीही बोलली असती तर चाललं असतं.

त्याच आठवड्यात शाळेतून फोन. अनोळखी माणसाने खाऊ दिला तर काय कराल, असं बाईंनी वर्गात विचारलं होतं. बाकीच्या मुलांनी ‘नाही म्हणू’ असं सांगितलं. आमच्या सोसायटीतल्या तिघांनी उभं राहून चुन्याचं प्रमाण सांगितलं.

शेवटी सभा भरली. दुसऱ्या मजल्यावरच्या, आयटीत असलेल्या बाई हात जोडून म्हणाल्या, “काका, कंटेंट थोडा पॉझिटिव्ह ठेवा ना. किड्सना ट्रॉमा होतो.”

“आपल्याला झाला होता?”

“आम्हाला अशा गोष्टी कुणी सांगितल्याच नाहीत.”

“तरी एवढी भीती?” काका म्हणाले.

पण ठराव झाला. मी सोसायटीची सेक्रेटरी, त्यामुळे नोटीस लिहायचं माझ्याकडे आलं, आणि खोटं कशाला बोलू, मी ती मन लावून लिहिली. कलम एक, गोष्टीतील कोणत्याही पात्राचा मृत्यू होणार नाही. कलम दोन, कोणीही कोणास खाणार नाही. कलम तीन, नातेवाइकांची प्रतिमा मलिन होईल असे प्रसंग टाळावेत. फोनवर आईला कौतुकाने वाचून दाखवली. आई चौथी नापास. ती म्हणाली, “काऊन वं, म्या नाई सांगतल्या का तुले राक्षसाच्या गोष्टी? मंग तं बी.काम. कोन झालं?” मी रेंज नाही म्हणून फोन ठेवला.

नोटीस द्यायला गेले तेव्हा काका दाढी करत होते. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून त्यांनी ती दोनदा वाचली.

“सेक्रेटरीबाई, कलम दोन. वाघाने गवत खाल्लं तर चालेल?”

“चालेल, काका.”

“वाघाला विचारलं का?”

आणि खाली ‘वाचले, मान्य’ लिहून सही केली. ज्याने जन्मभर दुसऱ्यांना नियम दाखवला, तो आपल्यावर आलेल्या नियमापुढे खळखळ करत नाही. मला वाटलं होतं, ते भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी त्यांनी कलमाबरहुकूम गोष्ट सांगितली. मावशी आली. मुलांनी नमस्कार केला. मावशीचा खाण्याचा विचार होता, पण तिने तो मोकळेपणाने बोलून दाखवला, मग ती समुपदेशकाकडे गेली आणि बरी झाली.

“मग फुटली कधी?” एकाने विचारलं.

“फुटली नाही.”

“पाणी नाही प्यायली?”

“प्यायली. कोमट.”

“आणि बाबा?”

“कामाला गेले.”

 मग गार्गीने विचारलं, “म्हणजे ती अजून आहे?”

काका मुलांशी कधी खोटं बोलत नाहीत. त्यांनी विचार केला. “आहे.”

“कुठे राहते?”

“पत्ता ठाऊक नाही. पण वारज्यात अजून भाड्याने जागा मिळतात.”

चौदाच्या चौदा हात वर गेले. किती, असं विचारायच्या आत कट्टा रिकामा झाला.

पुढचे दहा दिवस आमच्या सोसायटीने जे भोगलं ते कुणाच्या वाट्याला येऊ नये. एकही मूल एकटं बाथरूमला जाईना. लिफ्टमध्ये कुणी साडीतली बाई असली की मुलं पाच मजले चढून जात. पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना तर ‘मावशी’ या एका शब्दापायी तीन घरांनी दार उघडलं नाही, आणि त्या तीन घरांनी आठवडाभर ब्रेड खाल्ला. कट्ट्याकडे कुणी फिरकेना, कारण राक्षसीण मोकाट सुटली ती तिथूनच. काका मात्र रोज साडेपाचला, दाढी करून, इस्त्रीच्या शर्टात तिथे बसत आणि साडेसहाला उठून आत जात. मी ऑफिसमधून येताना मान खाली घालून पुढे जायची. गाडीची किल्ली शोधल्यासारखं करायची.

अकराव्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या बाई माझ्या दारात. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. “प्लीज, त्या बाईला मारून टाका ना. ऑफिशियली.”

तातडीची सभा झाली. ठराव एकमताने झाला, आमच्या सोसायटीच्या इतिहासात पहिल्यांदा. मी लिहिलं, ‘गोष्टीतील राक्षसीण मृत समजण्यात यावी.’ दुसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, “समजण्यात यावी नको हो. मेली, असं क्लिअर लिहा.” तसं लिहिलं, शिक्का मारला, बोर्डावर लावलं. गार्गीला उचलून वाचून दाखवलं.

“तू बघितलीस मेलेली?”

“नाही.”

“मग तुला कसं माहीत?”

मी बोर्डावरच्या शिक्क्यावर बोट ठेवलं.

“तू खाली जा,” गार्गी म्हणाली. “काकांना मारायला सांग. तू स्वतः बघ. मेली की मला हाक मार.” तिच्या मागे जिन्यात आणखी चार-पाच डोकी उभी होती. त्यांनीही माना डोलावल्या.

मी खाली गेले. काका बसले होते. मला पाहून थोडे सरकले, जागा केली. मी कलमं रद्द झाल्याचं सांगितलं. मला वाटलं, आता एखादा टोमणा येईल, आणि मी तो निमूट ऐकून घेणार होते. पण काका चपलेकडे बघत म्हणाले, “सेक्रेटरीबाई, मी थोडं कमी करून बघू का? अगदी मारायला नको. पाय मोडून सोडली तर? किंवा नुसती गावाबाहेर घालवली तर? तेवढ्याने येतील का हो मुलं?”

ज्या माणसाने कुणाचं छटाकभर कमी चालवून घेतलं नाही, तो माझ्याकडे सूट मागत होता. नोटीस माझ्या अक्षरातली होती.

“नाही काका,” मी म्हणाले. “फोडा तिला. पूर्ण.”

“पण ऐकणार कोण?”

“मी आहे.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग घसा खाकरला. “मग ऐक,” ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी मला अहो-जाहो सोडून हाक मारली नव्हती. आणि त्यांनी मला सात भावंडं, भोळा बाप, लाडू, पाटा, सगळं सांगितलं, एक शब्द न वगळता, आणि ती फुटली तेव्हा मी कट्ट्यावरून उठून जिन्याच्या दिशेने ओरडले, “मेली गं! मेली!” समोरच्या इमारतीतल्या दोन खिडक्या उघडल्या आणि कोण गेलं म्हणून लोक बघायला लागले. वरून चपलांचा धबधबा उतरला.

मुलं धापा टाकत समोर येऊन बसली. काकांनी घड्याळ पाहिलं. “उशीर झालाय. पुन्हा पहिल्यापासून सांगणार नाही,” असं बजावलं आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. मला वर जायला हवं होतं. नवरा यायची वेळ झाली होती, कणीक भिजवायची होती. पण आईने मला शेवटची गोष्ट कधी सांगितली, कुठल्या वर्षी, कुठली, ते काही केल्या आठवेना, म्हणून मी तशीच बसून राहिले.