किसनकाकांचा होकार

किसनकाकांची रोजीरोटी मी खाल्ली.

ते आज पहाटे गेले.

काका आमच्या अल्लीपूरचे सुतार. आजच्या पोरांसाठी सांगतो, त्या काळी बंडीचं, म्हणजे बैलगाडीचं चाक बाभळीच्या लाकडाचं असायचं. त्यावर लोखंडी पट्टीची धाव तापवून चढवायची. त्या दिवशी गोवऱ्यांचा जाळ, पाण्याच्या बादल्या आणि अर्धं गाव काकांच्या अंगणात.

गावात नवी बंडी घ्यायची तर आधी काकांना दाखवायची, अशी रीत होती. ते जू उचलून बघणार, एक चक्कर मारणार आणि म्हणणार, "घ्या."

त्याशिवाय सौदा नाही.

मी तेव्हा जाम या गावी हायवेवर पंक्चर काढायचो. शाळा कमी, पण कान तेज. ट्रक ड्रायव्हरांच्या गप्पा ऐकून दोन गोष्टी कळल्या.

हिंगणघाटच्या जिनिंगला कापूस पाहिजे, आणि लवकर पाहिजे.

आणि ट्रक एवढे वाढलेत, की जुनी चाकं भंगारात पडून आहेत.

ती चाकं बंडीला लावली तर?

सत्तरच्या दशकाची अखेर असेल. चाकं जोडणारा जुना आख, जुने टायर, थोडं वेल्डिंग करून पहिली टायरची बंडी मी गावात नेली. लोक जमले. चाकं दाबून पाहिली, हसले. पण घेतो म्हणायला कोणी तयार नाही. सगळे काकांच्या तोंडाकडे बघत होते.

काका म्हणाले, "गजू, हे चाकं तं म्हशीसारखे गुबगुबीत हायेत बे!"

"काका, चालवून तं पाहा."

"पाहतो ना. पन याले रंधा माराचा तं कुठं माराचा, ते सांग पह्यले."

खूप हसले लोक.

मग कापूस भरला. काका स्वतः बसले, नाल्यापर्यंत गेले, परत आले. उतरून त्यांनी बैलांच्या खांद्याखाली हात घातला. बराच वेळ तो हात तिथेच होता.

त्यांनी काय म्हणावं असं मला वाटत होतं, ते सांगायला नको. आणि ते तसं म्हणाले तर त्यांच्या लाकडी चाकांचं काय होणार, हे मला कळत होतं. त्यांनाही कळत होतं.

"घ्या," ते म्हणाले. "बैलाच्या खांद्याले लय आराम हाय."

तिथेच ऑर्डरी सुरू झाल्या.

नंतर मी त्यांच्या अंगणात बंडीवरच्या कापसाच्या दोऱ्या सोडत होतो. घरात काकू हळू आवाजात बोलत होत्या. माझे कान!

"काऊन हो म्हनलं तुमी? आता आपलं चाक कोन घेईन?"

"मंग काय खोटं सांगू?"

"गप तं बसता आलं असतं!"

"बैलाले बोलता येत नाई. मी बी गप बसलो तं कोन बोलन?"

मी दोऱ्या गुंडाळल्या आणि निघालो.

जाताना शीळ वाजवत होतो.

पुढे काकांच्या अंगणातला जाळ कमी कमी होत गेला. खळ्यावर सुताराला ज्वारीचा वाटा द्यायची पद्धत होती. ज्याच्या घरी लाकडी चाक नाही, तो वाटा कशाचा देणार? भांडण नाही, तंटा नाही. एका वर्षी काकांनीच खळ्यावर जाणं सोडलं.

तेव्हा मी त्यांना जामला, टायरच्या बंड्या बनवायच्या माझ्या शेडमध्ये बोलावलं. बंडीची वरची लाकडी चौकट करायला.

पहिल्याच दिवशी म्हणाले, "काय करू, मालक?"

"काका, गजू म्हना ना."

"पगार देते त्याले मालकच म्हनतेत, बाबू."

हसून म्हणाले. पण पुन्हा कधी गजू म्हटलं नाही.

मग चौकटही लोखंडी आली. लाकडाच्या कामाला जे दिवस लागत, ते वेल्डर एका दुपारी उरकायचा. मी काकांना गोडाऊनच्या चाव्या दिल्या. पगार तोच ठेवला. वाकस आणि रंधा, आपली सुतारकीची हत्यारं, ते घरी घेऊन गेले.

तुम्ही म्हणाल, यात तुझं काय चुकलं? बैलांचे खांदे सोलायचे थांबले. कापूस वेळेवर पोचू लागला. कित्येक घरांत त्या पैशावर पोरं शिकली. सगळं खरं आहे. पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन.

म्हणूनच जास्त लागतं.

आज दुपारी अल्लीपूरला, सगळं आटोपल्यावर, काकांचा सुधाकर माझे दोन्ही हात धरून रडला.

"भाऊ, तुमी नसते तं आमच्या बाबाचं काय झालं असतं?"

आजूबाजूची माणसं माझ्याकडे कौतुकानं बघत होती. "खरं हाय, खरं हाय," कोणीतरी म्हणालं.

मी नसतो तर काय झालं असतं, ते त्या सगळ्या गर्दीत मलाच माहीत होतं.

मी सुधाकरच्या पाठीवरून हात फिरवला आणि गप बसलो.

किसनकाका, तुमच्या पाया पडतो. रामराम.