वहिनीचा उसवलेला ब्लाउज

वाण्याच्या दुकानात गावाहून ट्रंक कॉल आला तेव्हा मी मशीनवर होते. तशीच धावले. फोनवर चुलतभाऊ होता. "मंदा, सुलभावहिनी गेली गो," एवढंच नीट ऐकू आलं. मी पहिलं काय विचारलं असेल, तर "गोळ्या घेत होती ना ती?" तो म्हणाला, "काल घेतल्यान नाय." तेवढ्यावरून मला सगळं कळलं.

सुलभा माझी वहिनी, वयाने माझ्याएवढीच. लग्नानंतर दादा दुबईला नोकरीवर परत गेला आणि भांडुपच्या चाळीतल्या दोन खोल्यांत आम्ही दोघी उरलो. मी ब्लाउज शिवायचे, ती काजं-बटणं करायची. जगाची चौकशी करणारी ही बाई स्वतःचं दुखणं मात्र कधी बोलायची नाही. काही विचारलं की ठरलेलं उत्तर, "मला काय धाड भरलीय?" त्यावर मी खूप चिडायचे.

मग ती जाड होऊ लागली. चेहरा गोल, गाल लालबुंद. हळदीकुंकवाला बायका चिडवायच्या, "दुबईचा पैसा अंगाला लागला हो!" दादाला फोटो पाठवला, तर त्याचं उलट कौतुक, तब्येत झकास झालीय म्हणून. नवऱ्याच्या कष्टाचं चीज दिसतंय म्हटल्यावर ती दुखणं कुठल्या तोंडाने सांगणार? त्यातच दादा सुटीवर येऊन गेला आणि नंतर तिची पाळी थांबली, पोट पुढे आलं. माझ्या शिलाईतले मऊ तुकडे ती दुपट्यासाठी बाजूला ठेवू लागली. चाळीत कुजबुज सुरू झाली, मीही मनातून हरखले होते. पण तपासणीत तसं काहीच नव्हतं. त्या संध्याकाळी तिने ते सगळे तुकडे माझ्या चिंध्यांच्या पिशवीत परत टाकले आणि भात लावायला गेली.

मला खटकलं ते तिच्या ब्लाउजमुळे. अंगात पुन्हा पुन्हा उसवून सैल करायचा आणि बाह्या मात्र आत घ्यायच्या, असं जाड होणं मी कधी पाहिलं नव्हतं. मोरीतून उठताना ती भिंत धरायची. जरा कुठे लागलं की काळंनिळं व्हायचं. अखेर तिला ओढत मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोटावरचे जांभळे पट्टे पाहिले, दंड चाचपला, रक्तदाब मोजला. मग समजावून सांगितलं. शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक असतं. ते लागतंच, पण फार झालं की चेहरा गोल होतो, पोट सुटतं, हातपाय वाळतात, पाळी थांबते. वहिनी एकदम रडायला लागली. "म्हणजे मी खाऊन खाऊन अशी नाही झाले ना, डॉक्टर?"

पण खात्रीसाठी दिवसरात्रीची सगळी लघवी एका कॅनमध्ये साठवून न्यायची होती. आमचे संडास गॅलरीच्या टोकाला, आणि वाटेत नळावर अख्खी चाळ उभी! पहिल्या वेळी रिपोर्ट जवळजवळ नॉर्मल आला. डॉक्टरीणबाई बुचकळ्यात पडल्या. घरी आल्यावर वहिनी हळूच म्हणाली, "नळावर पुरुष उभे होते गं. तेव्हा कॅन नेलाच नाही मी." मी कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्या खेपेला कॅन मी शिवणाच्या पिशवीत घालून तिच्यामागून चालत गेले. शेजारणीने विचारलंच, "काय गं त्यात?" म्हटलं, "हिचा ब्लाउज!" त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी वहिनी खळखळून हसली.

दोष मेंदूखालच्या ग्रंथीत निघाला, पण डॉक्टरांनी मूत्रपिंडांवरच्या दोन्ही ग्रंथी काढायचं ठरवलं. मेंदूखालच्या ग्रंथीच्या हुकमाने जास्तीचं कॉर्टिसॉल तिथेच तयार होत होतं. शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर शरीर ते स्वतः बनवणार नव्हतं, म्हणून जन्मभर गोळ्या. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "ताप आला तर गोळी दुप्पट. उलटी झाली तर ताबडतोब इंजेक्शन. गोळी बंद करायची नाही म्हणजे नाही." हळूहळू तिचा जुना चेहरा परत आला. दादा पुढच्या सुटीवर आला तेव्हा म्हणाला, "किती वाळलीस गं!"

गेल्या महिन्यात ती लग्नासाठी गावी गेली. लग्नघरात जेवण बाधलं, उलट्या सुरू झाल्या. आमची म्हातारी काकी मायेनेच म्हणाली, "उलटी होता तर गोळये कित्याक घेतंस? आज लंघन कर, पोटाक आराम दी." आणि वहिनीने ऐकलं! या गोळीवरच मी जगते, मला इंजेक्शन द्या, हे भरल्या लग्नघरात बोलायचा तिला संकोच वाटला असणार. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आणेपर्यंत ती गेली होती. काकीवर राग काढून काय करू? ती बिचारी अजून रडते आहे. मला राग येतो तो वहिनीचाच. चांगलाच येतो.

दादा आला, दिवसकार्य उरकून परत गेला. तिचा एक ब्लाउज माझ्या खुंटीवर आहे. जाताना कमरेत आत घ्यायला देऊन गेली होती, "आल्यावर घालून बघते" म्हणून. मी तो पुरा केला. आतून पाहिलं तर उसवलेल्या जुन्या शिवणींच्या भोकांच्या रांगा दिसतात, इस्त्री फिरवूनही न बुजलेल्या. सकाळी मशीनचं झाकण काढताना तोंडातून अजून निघून जातं, "वहिनी, गोळी घेतलीस?"

परवा मला ताप होता. शेजारीण दारात येऊन म्हणाली, "मंदा, चेहरा उतरलाय गं, बरं नाही का?" मी पटकन म्हणाले, "मला काय धाड भरलीय?" ती गेली. मग दार लावून घेतलं आणि तो ब्लाउज तोंडाशी धरून खूप रडले.