गावचा सासरा आणि मुलाखतीची खुर्ची

अन्याय झाला तो मेंढपाळ घरातल्या, बारावी शिकलेल्या एका सुनेवर. यंदाच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेअकराला, केजजवळच्या एका दूध संकलन केंद्रात. त्यात निम्मा वाटा माझा आहे, हे आधीच सांगून टाकते.

मी गावोगाव मुलाखतीच्या तयारीची शिबिरं घेते. तीन दिवस या वहिनीकडून घोटून घेतलं: ताठ चालायचं, नजरेला नजर द्यायची, खुर्चीत नीट बसायचं. तिनं विचारलं होतं, "ताई, समोर गावच्या नात्यानं सासरा असला तर? आमी त्येंच्यापुढं बसत न्हाई."

"मुलाखतीत सासरा नसतो, अध्यक्ष असतो," मी म्हणाले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला लई भारी वाटलं.

केंद्राचा अध्यक्ष तिच्याच गावचा बागायतदार, गावच्या नात्यानं सासराच. ती आत गेली, बसली, त्याच्याकडं बघितलं. मी दाराबाहेर होते, सगळं ऐकू येत होतं.

"नोकरी मागायला आलीस का आमची मुलाखत घ्यायला?" अध्यक्ष म्हणाला.

शेजारचा सदस्य हसला. "बसू द्या की बापू. उद्या आपल्यालाच उठवंल."

"दुधाच्या फॅटचं इचारा की मामा," ती शांतपणे म्हणाली. "मला मशीन येतंय."

कुणी काही विचारलं नाही. पाच मिनिटांत ती बाहेर. शेरा काय, तर 'संवादकौशल्य नाही, वागणूक उद्धट'.

काम काय होतं? फॅट कमी लागली म्हणून रोज तणतणणाऱ्या माणसांना समजावायचं. आणि ही बाई दरसाल सुगीनंतर गावोगावच्या शेतकऱ्यांशी ठरवते, लेंडीखतासाठी मेंढरं कुणाच्या रानात किती राती बसवायची. दोन भाऊ एकाच रातीवरून भांडायला लागले तरी दोघांना चहा पाजून वाट काढते. याच अध्यक्षाच्या रानातली बोलणीही तीच करते, बांधाखाली उभी राहून, डोक्यावर पदर घेऊन. तेव्हा त्याला तिचं बोलणं चालतं. आणि मी? तीन दिवसांत एकदाही विचारलं नाही, बाई, तू हे कसं जमवतेस? नुसतं चालणं-बसणं घोटून घेतलं.

परतताना जीपमध्ये ती म्हणाली, "उभी ऱ्हायले असते तर काम झालं असतं, ताई." पण नोकरीसाठी शिकल्यासवरल्या बाईनं उभंच का म्हणून राहायचं?

ती जागा अजून रिकामी आहे. तुम्ही त्या केंद्रावर दूध घालत असाल तर उद्या सकाळी अध्यक्षाला तोंडावर सांगा: तिची मुलाखत परत घ्या, आमच्यासमोर घ्या. तो हो म्हणेपर्यंत दुधाचा कॅन गाडीवरून उतरवू नका.