उशिरा येणारा आवाज

परवाच्या रविवारी दुपारी माझ्या मित्रावर, सुधीरवर अन्याय झाला. सुधीरला दिसत नाही. टीव्हीला जोडायचा मारामारीचा जुना व्हिडिओ गेम तो निव्वळ कानांवर खेळायचा. समोरच्याने उडी मारल्याचा आवाज आला की याचा अंगठा बटणावर पडलाच. आम्ही डोळस पोरांनी त्याच्याकडून सपाटून मार खाल्लाय.

तो गेम बिघडला, पोरं नोकऱ्यांपायी पांगली. म्हणून मी त्याला जुने गेम चालवणारं, हातात मावणारं नवं यंत्र नेऊन दिलं. चित्र झकास पळत होतं. पण जुन्या गेमचं सोंग वठवताना त्यातली स्वस्त चिप दमते आणि आवाज क्षणभर मागे राहतो. मला कळलंही नाही. सुधीर म्हणाला, "गाढवा, कोण मारतंय ते मला मार खाल्ल्यावर कळतंय!"

दुकानदाराला फोन केला, तर म्हणे, "साहेब, एवढं कोणाला कळतं?"

ज्याला कळतं तो गिऱ्हाईक नाही? रस्ता ओलांडण्यापासून दिवसभर सुधीरला कुणाला तरी विचारावं लागतं. त्या एका खेळात विचारावं लागत नसे. मी दाराशी चपला घालत होतो, तेव्हा आतून, खेळता खेळताच, त्याचा आवाज आला, "आता काय झालं रे?" खोलीत दुसरं कुणीच नव्हतं.

असं यंत्र घ्यायला जाल, तेव्हा दुकानातच डोळे मिटून एक डाव खेळा. हरलात, तर तिथेच उभं राहून भांडा.