खरेदीखतात नसलेली वाट

हे लिहिण्याचा अधिकार मला आहे का, ठाऊक नाही. आमच्या घरातून कॉलेजात पोहोचलेला मी पहिला, आणि अजून पुण्याच्या वर्गात प्रश्न विचारायला माझा हात अर्धाच वर जातो. वाडीतल्या मोठ्यांनी, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनी, चुकलं तर पोटात घालावं.

मी घर सोडलं त्या सकाळी आई फाटकापर्यंत आली. फाटक नवं होतं. खुर्चीतल्या वॉचमनने वही पुढे केली नि विचारलं, "कोणाकडे आला होतात?" मी माझ्या घरातून निघालो होतो. वहीत नाव लिहिलं. आई एवढंच म्हणाली, "पोचल्यावर फोन कर. नि येळेवर जेव."

त्या फाटकाची गोष्ट साथीच्या वर्षी सुरू होते. बाबा मुंबईत एका हॉटेलात आचारी होते. हॉटेल बंद पडलं, ते गावी आले, आणि गावाने त्यांना चौदा दिवस शाळेत ठेवलं. मी रोज डबा न्यायचो. चुन्याच्या रेघेवर ठेवायचा आणि मागे सरकायचं. चौथीत मी ज्या खिडकीशी बसायचो, तिच्या गजांमागे बाबा उभे असत. हातसुद्धा हलवत नसत. गावात माणसाचा आवाज नव्हता. कलमांखाली आंबे कुजत होते आणि त्यांचा गोड वास बंद दारांवरून फिरत होता. त्याच दिवसांत गावच्या जमीनदारांची, खोतांची, मुंबईची माणसं काळ्या काचांच्या गाडीतून आली. गाडी शाळेपाशी थांबली नाही.

खोत वाईट वागले असं मी म्हणत नाही. तांदूळ त्यांनीच वाटले. काकीला श्वास घेता येईना तेव्हा रत्नागिरीला न्यायला गाडीही त्यांनीच दिली. म्हणून त्यांनी वाडीच्या पायथ्याची आमची कलमांची जमीन विकत मागितली, तेव्हा बाबांच्या तोंडून नाही निघेना. काम तर नव्हतंच. आणखी तीन घरांनी दिली. वाडीत जायची वाट त्याच जमिनीतून जाते, हे मात्र खरेदीखतात कुणी लिहून घेतलं नाही. मी विचारलं होतं. बाबा हसले. "वाट कोन लिवून घेतं काय, बाबू? वाट असतेच."

वर्षाच्या आत जमिनीभोवती चिऱ्याच्या दगडांचा गडगा आणि वाटेवर फाटक उभं राहिलं. शिमग्याला घरोघरी येणारी देवाची पालखी त्या वर्षी गर्दी नको म्हणून फक्त खोतांच्या अंगणात बसली. साथ गेली, पण तो नियम राहिला. आमच्या वाडीने दर्शनाला तिकडेच जायचं. तरी आई दर शिमग्याला अंगण सारवते, ओटीचं ताट भरते. खालून ढोल जवळ येतो, फाटकाच्या अलीकडे, खोतांच्या अंगणात थांबतो आणि पुन्हा लांब जातो. मग सारवलेल्या अंगणाकडे कुणी बघत नाही. शेजारचे गंगारामकाका म्हणाले होते, "आता देवालापन वॉचमनला इचारून यायला लागतंय." आम्ही हसलो, आणि आई ताट आत घेऊन गेली.

वर्गात सरांनी सांगितलं, की काही शतकांपूर्वी युरोपात साथीने इतकी माणसं मेली की उरलेल्या मजुरांची मजुरी वाढली आणि जमीनदारांना नमतं घ्यावं लागलं. मला विचारायचं होतं, आमच्याकडे उलटं का झालं? हात अर्धाच वर गेला.

इथे होस्टेलच्या फाटकावरही मी रोज नाव लिहितो. त्याचं काही वाटत नाही. घर म्हणजे जिथे येताना कुणी नाव विचारत नाही ती जागा, एवढंच मला आता कळतं. तसं घर आम्हाला उरलंय का, हे मात्र कळत नव्हतं.

यंदा परीक्षेमुळे शिमग्याला गेलो नाही. वाडीत रेंज नसते. तीन दिवसांनी आईचा फोन लागला.

तिने सांगितलं, पालखीच्या पुढच्या दांडीखाली बाबा होते. खोतांच्या अंगणातून निघालेली पालखी देवळाकडे वळेना. ती फाटकाकडे ओढली गेली आणि तिथेच उभी राहिली. ढोल थांबले. खोत म्हणाले, "अरे, आवरा तिला."

"आमी नाय, तात्या. देव ओढतोय," बाबा म्हणाले.

शेवटी वॉचमनने फाटक उघडलं, आणि पालखी वाडीतल्या प्रत्येक अंगणात आली.

मी बाबांना फोन द्यायला सांगितला. "बाबा, खरंच देव ओढत होता?"

"खांदा सुजलाय," बाबा म्हणाले.

मग आईने सांगितलं, त्या दिवसापासून फाटक उघडंच आहे. ते लावायला कुणी हात पुढे करत नाही, वॉचमनसुद्धा नाही.